दान की अडगळ?



कठोपनिषदाची सुरुवात एका दानाने होते. वाजश्रवस नावाच्या यजमानाने विश्वजित यज्ञ मांडला होता. या यज्ञाचा नियम असा की यजमानाने आपले सर्वस्व देऊन टाकायचे. यजमान देत होता, नाही असे नाही. पण त्याच्या गोठ्यातून दानासाठी ज्या गायी बाहेर पडत होत्या, त्या म्हाताऱ्या आणि भाकड होत्या. इकडे गोठा मोकळा होत होता, दानाची संख्या भरत होती. आणि ज्याच्या दारात ती गाय जाणार त्याच्या वाट्याला दूध नाही, वासरू नाही, फक्त वैरणीचा खर्च येणार होता. यजमानाचा लहान मुलगा नचिकेता हे पाहत उभा होता. त्याच्या मनात श्रद्धा शिरली, असे उपनिषद म्हणते. वडिलांना तो असे म्हणाला नाही की बाबा, तुम्ही फसवता आहात. त्याने एवढेच विचारले, की मला कोणाला देणार? एकदा विचारले, दोनदा विचारले, तिसऱ्यांदा विचारले तेव्हा बाप संतापला आणि म्हणाला, तुला मृत्यूला देतो.

कीर्तनात हे आख्यान लावले की वक्ता आणि श्रोता दोघांनाही यमाच्या दारी पोहोचण्याची घाई असते. तीन रात्रींचा उपवास, तीन वर, आत्मविद्या. ते योग्यच आहे. उपनिषदाचा प्राण तिथे आहे. पण आज मला आपल्याला त्या गोठ्याच्या दारातच थांबवायचे आहे. कारण नचिकेत्याला जो प्रश्न पडला तो आज आपल्या घरात, माळ्यावर आणि पलंगाखाली पडून आहे. मी जुन्या संगणकांबद्दल बोलतो आहे.

मी सत्तरी ओलांडलेला माणूस. नारदांच्या गादीवर उभे राहण्याइतका गळा आता साथ देत नाही. संगणक मला चालवता येत नाही. मग या विषयात मी कशाला पडावे, असे आपण म्हणाल. विषय यंत्राचा असता तर पडलो नसतो. विषय दानाचा आहे, आणि दान म्हणजे काय हे सांगत सांगतच आमचे आयुष्य गेले.

प्रश्न असा. मला जी वस्तू नको आहे, ती मी दुसऱ्याला दिली, तर त्याला दान म्हणावे काय?

आधी वस्तुस्थिती पाहू. संयुक्त राष्ट्रांशी संबंधित संस्थांनी २०२४ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला, आणि त्यातला केवळ २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. हा सगळा कचरा मोडका असतो असेही नाही. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. पुढची विंडोज ११ ही प्रणाली ठरावीक सुरक्षा चिप आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर मागते. म्हणजे यंत्र धडधाकट आहे, चालते आहे, पण त्याच्यावर नवी प्रणाली रीतसर बसत नाही. म्हणून कार्यालयेच्या कार्यालये संगणक बदलतात. बैल चालता आहे, पण बाजारात नवे जू आले आणि ते याच्या मानेला बसत नाही, म्हणून बैल विकायला काढला, तसा हा प्रकार.

याच वेळी दुसऱ्या बाजूला काही माणसे हे जुने संगणक गोळा करून दुरुस्त करतात. पुण्यात पूर्णम इकोव्हिजन फाउंडेशन आणि तिच्या सहयोगी संस्था ‘ई-यंत्रण’ नावाची मोहीम चालवतात. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास ठिकठिकाणी केंद्रे लागतात, लोक घरातला इलेक्ट्रॉनिक कचरा आणून देतात, स्वयंसेवक तो स्वीकारतात. त्यातले जे संगणक दुरुस्त होण्याजोगे असतात ते दुरुस्त करून ग्रामीण शाळांना दिले जातात, आणि उरलेला माल शास्त्रीय प्रक्रियेला जातो. अमेरिकेत पोर्टलंड शहरात २००० साली ‘फ्री गीक’ नावाची अशीच संस्था निघाली. तिची गोष्ट पुढे येईल.

माझा नातू अभियांत्रिकी शिकतो. सुट्टीत श्रीपूरला आला की मित्रांना घेऊन असेच जुने संगणक ओसरीवर मांडून बसतो. मी शेजारी खुर्ची टाकून प्रश्न विचारतो. या लेखातले यंत्राचे ज्ञान त्या ओसरीवरचे आहे.

आता पूर्वपक्ष मांडू, आणि तो दुबळा करून मांडायचा नाही. पूर्वपक्ष म्हणतो, हे दान नव्हेच. ही वाजश्रवसाची गाय आहे. शहरातल्या कचेरीला जागा मोकळी करायची होती. भंगारवाल्याने भाव कमी सांगितला. मग कोणाला तरी सुचले, खेड्यातल्या शाळेला देऊ. शाल झाली, नारळ झाला, फोटो निघाला. कचेरीच्या वहीत दहा संगणकांचे दान लिहिले गेले आणि शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत दहा संगणक चढले. त्यातले चालू किती, हे दोन्ही वह्यांत नाही.

हा पूर्वपक्ष खोटा आहे असे मला म्हणता येत नाही. कीर्तनाच्या निमित्ताने मी किती गावांत फिरलो, त्याची गणती नाही. मुक्काम पुष्कळदा शाळेच्या खोलीतच असे. अशा किती तरी खोल्यांत कोपऱ्याला टेबलावर कापड पांघरलेले संगणक पाहिले आहेत. दसऱ्याला लावलेले हळद-कुंकू वाळून काचेवर तसेच होते. शस्त्रपूजेच्या दिवशी पूजा व्हावी एवढाच त्या यंत्राचा उपयोग उरला होता. गुरुजींना विचारले तर म्हणत, महाराज, टाकता येत नाही, नोंद आहे. चालवता येत नाही, बंद आहे. भाकड गाय दारात बांधली गेली की काय होते, ते मी तिथे पाहिले. दात्याची अडचण दूर होत नाही, फक्त तिचा पत्ता बदलतो.

मग उत्तरपक्ष काय? सगळी जुनी यंत्रे भंगारात द्यावीत? नाही. आपल्या दिंडीतला पखवाज पाहा. कित्येक फडांत आजोबाने वाजवलेला पखवाज आज नातू वाजवतो. म्हणजे काय तसाच वाजतो? नाही. पुडी किती वेळा बदलली असेल. वादी तुटली, नवी ओवली. शाई उडाली, पुन्हा भरली. खोड तेवढे जुने आहे, आणि ते जुने आहे म्हणूनच गोड बोलते. फुटक्या पुडीचा पखवाज कोणी नव्या टाळकऱ्यांच्या दिंडीला दिला, तर ते दान नव्हे, ती थट्टा आहे. तोच पखवाज कोणी नवी पुडी चढवून, स्वरात लावून दिला, तर त्याहून मोठे दान त्या दिंडीला कोणते? दोन्ही वेळी खोड एकच. फरक मधल्या श्रमात आहे.

संगणकाचेही असेच असते, हे मला ओसरीवर कळले. मुले आधी झाकण उघडतात आणि वर्षांची धूळ ब्लोअरने उडवतात. रॅम नावाची पट्टी काढून तिच्या पिवळ्या दातांवर साधा खोडरबर फिरवतात. तेवढ्यानेच कित्येक मुके संगणक बोलू लागतात. घड्याळ चालू ठेवणारा नाण्याएवढा सेल उतरलेला असतो, तो बदलतात. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावतात, म्हणजे तो तापत नाही. फिरत्या चकतीची जुनी हार्ड डिस्क काढून तिथे एसएसडी बसवली, की उठायला पाच मिनिटे लावणारे यंत्र लवकर जागे होते. त्यावर लिनक्स प्रणाली घालतात, मराठी कळफलक चालू करतात. ही प्रणाली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केली, आणि पुढे जगभरातल्या हजारो लोकांनी तिच्यात आपली भर घालून ती सर्वांना खुली ठेवली. कोणाला नको होती म्हणून नव्हे, सर्वांना उपयोगी पडावी म्हणून दिली. एका यंत्राच्या पोटात दानाचे दोन प्रकार शेजारी शेजारी बसतात, ते असे.

पण सगळेच संगणक उठत नाहीत. हे दुरुस्तीइतकेच महत्त्वाचे आहे. आपल्याला गोरोबाकाकांची गोष्ट ठाऊक आहे. संतमंडळी तेरला जमली असता मुक्ताबाईंनी विचारले, काका, यातली मडकी पक्की कोणती आणि कच्ची कोणती? काकांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर मारले. नामदेवराय कुरकुरले, आणि मडके कच्चे ठरले. या कथेत दोन गोष्टी आहेत. एक, परीक्षा सर्वांची झाली. थोर म्हणून कोणाला सोडले नाही. दोन, कच्चे ठरलेले मडके फेकून दिले नाही. नामदेवरायांना विसोबा खेचरांकडे जावे लागले आणि तिथे ते पक्के झाले. परीक्षा करायची ती टाकण्यासाठी नाही, योग्य ठिकाणी पाठवण्यासाठी.

दुरुस्तीच्या ओसरीवर हेच थापटणे लागते. आलेल्या प्रत्येक यंत्राची परीक्षा झाली पाहिजे. एक चालू निघते. एक दुरुस्त होते. एकाचा मदरबोर्ड गेलेला असतो, पण त्याची रॅम, पंखा, कळफलक दुसऱ्याला जीव देतात. आणि एक खरोखर मेलेले असते. नातू मला म्हणाला, "आबा, चालू झाला म्हणून लगेच द्यायचा नसतो. रात्रभर चालता ठेवायचा, सकाळी बघायचं." मला ते पटले. कीर्तनाला उभा राहणारा पोरगा पहिल्या चालीवर पास करायचा नसतो; शेवटच्या गजरापर्यंत टिकतो का, ते पाहायचे असते. जो हे थापटणे टाळतो आणि संख्या भरावी म्हणून मेलेले यंत्रही शाळेला पाठवतो, तो वाजश्रवसाचाच धाकटा भाऊ. फरक एवढाच, की त्याने दुसऱ्याच्या भाकड गायी वाटल्या.

या कामात आणखी एक जोखीम आहे, ती दिसत नाही. आलेल्या संगणकाच्या पोटात पहिल्या मालकाचा संसार असतो. बँकेची कागदपत्रे, दवाखान्याचे अहवाल, मुलीच्या लग्नाचे फोटो, कोणाला लिहिलेली पत्रे. आपल्याला वाटते, आपण पुसून दिले. पण फाइल पुसली म्हणजे बहुतेक वेळा पोथीची अनुक्रमणिका फाडली, एवढेच होते. पोथीची पाने आत तशीच असतात. म्हणून दुरुस्त करणाऱ्याला सगळी डिस्क नव्या अक्षरांनी पुन्हा लिहून, खऱ्या अर्थाने कोरी करावी लागते. आणि ती कोरी करण्याआधी आत डोकावायचे नसते. ते पाहायला कोणी येत नाही. म्हणूनच तिथे माणसाची परीक्षा होते. कोणाच्या घरी मुक्कामाला गेलो तर त्याच्या उतरंडी उघडून पाहू नयेत, ही आपली रीत. ती इथेही तितकीच लागू आहे.

इथे मला नाथमहाराजांची आठवण होते. ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे तिच्या नकला होत गेल्या आणि त्यात पाठभेद शिरले, कोणी आपल्या ओव्याही घातल्या. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, प्रती ताडून ग्रंथ शुद्ध केला. त्यांच्याइतका अधिकारी कवी त्या काळी कोण होता? मनात आणले असते तर ओवीला ओवी जोडून ग्रंथ आपला केला असता. त्यांनी जे उपरे होते ते काढले, जे मूळचे होते ते राखले, आणि पुढे कोणी यात आपली ओवी घालू नये असे बजावले. जीर्णोद्धार करणाऱ्याचे मोठेपण यात आहे. त्याने वस्तूला वस्तूपण परत द्यायचे, आणि स्वतः बाजूला व्हायचे. आज आपण जी ज्ञानेश्वरी वाचतो ती त्या अनाम होऊ पाहणाऱ्या श्रमावर उभी आहे. संगणकाची तुलना ज्ञानेश्वरीशी करतो आहे असे कृपा करून समजू नये. तुलना वस्तूंची नाही, वृत्तीची आहे.

पूर्वपक्षाचा एक बाण अजून शिल्लक आहे, आणि तो सर्वात तीक्ष्ण आहे. तो म्हणतो, ठीक, दुरुस्त केला, कोरा केला, चांगला केला. तरी शहरातल्या मुलाने नवा घ्यायचा आणि खेड्यातल्या मुलाने त्याचे उष्टे खायचे, ही रीत तर बदलली नाही ना?

याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे, की उष्टे दोन प्रकारचे असते. पंगतीत आपले पोट भरले आणि ताटात उरले ते दाराबाहेरच्याला दिले, हे एक उष्टे. लोककथेतल्या शबरीने बोरे दिली तीही उष्टीच होती. पण तिने स्वतःची भूक भागवून उरलेली दिली नाहीत. आंबट बोर रामाच्या मुखात जाऊ नये म्हणून एकेक चाखून पाहिले, आंबट ते बाजूला टाकले, गोड ते ठेवले. पहिले उष्टे उरलेले आहे, दुसरे पारखलेले आहे. ओसरीवर रात्रभर चालवून, तपासून, कमी-जास्त पाहून दिलेला संगणक हे शबरीचे बोर आहे. धूळ न झटकता टेम्पोत घातलेला संगणक हे ताटातले उरलेले आहे. वस्तू दोन्हीकडे वापरलेलीच. घेणाऱ्याच्या मनाला मात्र फरक बरोबर कळतो, आणि लहान मुलाला तर आधी कळतो.

पोर्टलंडच्या फ्री गीकची गोष्ट इथे सांगतो. त्या संस्थेत एक अशी योजना होती की स्वयंसेवकाने जुन्या सुट्या भागांतून पाच संगणक जोडून संस्थेला द्यायचे आणि सहावा स्वतःच्या घरी न्यायचा. मला ही कल्पना कोणत्याही उपदेशाहून थोर वाटली. जो हाताने पाच दुसऱ्यांसाठी जोडतो आणि त्याच हाताने सहावा स्वतःसाठी, त्याला आपला आणि परका असा भेद ठेवणे जड जाते. घेणारा कोण आणि देणारा कोण, हेही तिथे पुसट होते. कारण ज्याला संगणक हवा होता तोच दुसऱ्यांसाठी जोडत बसला आहे. काल्याच्या वेळी आपण हेच करतो. प्रत्येकाची शिदोरी एकत्र होते आणि मग कोणाचा घास कोणाच्या हातून मिळाला, हे कोणी विचारत नाही.

दुसरे उत्तर मात्र नम्रपणे द्यावे लागेल. जुने देणे हे नवे न देण्याचे निमित्त होऊ नये. जीर्णोद्धार पुण्याचा म्हणून जिथे मंदिरच नाही तिथे पायाच घालायचा नाही, असे कोणी म्हणत नाही. सरकारचे कर्तव्य सरकारकडे, समाजाचे समाजाकडे. आमच्याच सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड छापून त्यांनी मुलांच्या हातात धडे, कविता, दृश्ये पोहोचवली. पुरस्काराची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. खेड्यातल्या मुलाला काय पेलते, हे शहराने ठरवू नये, एवढे या उदाहरणावरून कळावे. आणि दान कसे करावे, तेही कळावे. त्यांनी दिले ते त्यांना नको असलेले नव्हते.

गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले. सात्त्विक दान देश, काल आणि पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता केलेले. फळावर डोळा ठेवून किंवा मनाला क्लेश होत असताना केलेले ते राजस. अवेळी, अस्थानी, अपात्री, अनादराने केलेले ते तामस. हे शब्द आपण वर्षानुवर्षे ऐकतो आणि यज्ञमंडपापुरते ठेवतो. ते ओसरीवर आणून पाहा. देश म्हणजे काय? ज्या गावात वीज जाते-येते आणि दाब वरखाली होतो, तिथे यूपीएसशिवाय मोठा संगणक देणे म्हणजे तो महिनाभरात जाळणे. तिथे चांगल्या बॅटरीचा लॅपटॉप द्यावा, किंवा संगणकासोबत यूपीएस द्यावा. काल म्हणजे काय? आर्थिक वर्ष संपताना कचेरीचे कपाट रिकामे होते, तो दात्याचा काल. जूनमध्ये शाळा भरते, तो घेणाऱ्याचा काल. सात्त्विक दान घेणाऱ्याचे पंचांग पाहते. आणि पात्र म्हणजे काय? गरीब आहे म्हणून पात्र, असे नाही. जिथे एखादा शिक्षक, एखादी ताई, एखादा मोठा विद्यार्थी त्या यंत्रापाशी रोज बसणार आहे आणि बंद पडले तर कोणाला विचारायचे हे ज्यांना ठाऊक आहे, ते पात्र. अनादराचे तर बोलायलाच नको. "खेड्यात काय, चालेल" हे तीन शब्द कोणत्याही दानाला तामस करायला पुरेसे आहेत.

जे यंत्र उठलेच नाही, त्याचे काय? आमचे श्रीपूर हे साखर कारखान्याचे गाव. श्री पांडुरंग सहकारी साखर कारखाना इथलाच. उसाचा रस साखरेला गेला म्हणून आमच्याकडे चिपाड कोणी रस्त्यावर टाकत नाही. चिपाड बॉयलरच्या भट्टीत जाते आणि वाफ देते, मळी मद्यार्काला जाते, प्रेसमड खत होऊन पुन्हा उसाच्या शेतात येते. प्रत्येक अवशेषाला त्याचे ठिकाण आहे. संगणकाच्या प्रेताला तसे ठिकाण दिले नाही तर ते कुठे जाते? दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत जाते. तिथे तांबे काढण्यासाठी तारा जाळतात, पट्ट्यांवरचे धातू आम्लात काढतात, आणि तो धूर गरिबाच्या छातीत जातो. जुन्या पेटीसारख्या मॉनिटरच्या काचेत शिसे असते. १ एप्रिल २०२३ पासून आपल्या देशात ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम लागू आहेत. त्यानुसार असा माल नोंदणीकृत प्रक्रिया केंद्राकडेच गेला पाहिजे. शाळेच्या मुलाला चांगला संगणक देऊन पुण्य मिळवले आणि उरलेला सांगाडा सीलमपूरच्या मुलाच्या पुढ्यात टाकला, तर तो हिशेब कोणत्या वहीत लिहायचा?

आता पुन्हा नचिकेत्याकडे येऊ. त्याने मला कोणाला देणार, असे का विचारले? टीकाकार म्हणतात, वडिलांचा यज्ञ पुरा व्हावा म्हणून. सर्वस्वात मुलगाही येतो. हे खरे. पण मला त्यात आणखी एक अर्थ दिसतो, तो आपल्यापुढे ठेवतो. वडिलांच्या दानात गायी होत्या, वडील कुठेच नव्हते. स्वतःला वगळून दिले होते. नचिकेत्याने त्या दानात पहिल्यांदा जिवंत काही घातले, आणि ते म्हणजे स्वतः. स्वतःला वगळून जे देतो ती विल्हेवाट. स्वतःला घालून जे देतो ते दान. वस्तू नवी की जुनी, महाग की स्वस्त, हा भेद त्यानंतरचा आहे.

म्हणून दुरुस्त होऊन शाळेत गेलेल्या संगणकाचे पुण्य कोणाचे, असे विचारलेत तर मी म्हणेन, ज्याने त्यात स्वतःला जितके घातले तितके त्याचे. कचेरीने फक्त जागा मोकळी केली असेल तर तिला जागा मिळाली. तिचा हिशेब तिथेच मिटला. ज्या मुलाने रविवारी दुपारी तीन तास खोडरबर घासला, त्याचा हिशेब पांडुरंगाकडे. पण दात्यालाही आत यायला दार उघडे आहे. तेही अगदी साधे आहे.

वाचकहो, आपल्या घरात असा संगणक असेल तर तो माळ्यावर पाच वर्षे झोपवून मग देऊ नका. दुभती आहे तोवर गाय द्या. चार्जर, तारा, माउस सोबत द्या. पासवर्ड काढून द्या. त्याचे दुखणे काय आहे ते कागदावर खरे लिहा. बंद असेल तर बंद आहे असे लिहा, म्हणजे दुरुस्त करणाऱ्याचा एक दिवस वाचेल. जमत असेल तर एका एसएसडीचे पैसे सोबत द्या. ती पखवाजाची नवी पुडी आहे. आणि सर्वात चांगले म्हणजे एक दिवस स्वतः जाऊन बसा. धूळ पुसायला शिक्षण लागत नाही. आषाढीला तुकोबारायांची पालखी अकलूज, माळीनगर करत आमच्या भागातून बोरगावकडे जाते, तेव्हा वारकऱ्यांचे पाय चेपायला बसलेली माणसे पाहा. त्यांनी कोणाला काही वस्तू दिलेली नसते. तरी त्यांच्याइतके कोणी दिलेले नसते.

आणि द्यायच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारा. हेच यंत्र उद्या माझ्या नातवाच्या टेबलावर ठेवले तर मला चालेल काय? चालेल म्हणालात तर खुशाल द्या, ते दान आहे. नाही म्हणालात, तर ते आधी चालेल असे करा. तसे होण्यासारखे नसेल तर त्याला दान म्हणू नका. त्याच्या योग्य ठिकाणी पोहोचवा आणि मोकळे व्हा. भाकड गायीलाही गोठा आणि वैरण देणे हा धर्मच आहे. तिला दुभती म्हणून दुसऱ्याच्या दारात बांधणे हा अधर्म आहे.

राम कृष्ण हरि.